पहिलाच तर आहे

बारकीला दुकानात चोरी करताना धरलंय, असा फोन आला तेव्हा शिवणकाकूंच्या तोंडात टाचण्या होत्या. म्हणून पलीकडचा माणूस पहिल्या फटक्यातून वाचला. एका गिऱ्हाइकाच्या अंगावर अर्धा कोट चढवून काकू पाठीमागून त्याची कंबर आवळत होत्या, आणि तोंडात टाचण्या असताना ओरडता येत नाही. त्यांनी एकेक टाचणी काढून उशीला टोचली आणि मग विचारलं, “कोण म्हणतंय?”

“मॅनेजर बोलतोय. तुमची मुलगी आमच्याकडे बसवून ठेवलीय. पोलीस येतायत, तुम्हीही या.”

गिऱ्हाईक तसंच टाचण्यांसकट आरशासमोर सोडून काकू निघाल्या. “हलू नका, टोचेल,” एवढं मात्र त्याला सांगून गेल्या.

बारकी नावापुरतीच बारकी. उंचीने ती आईच्या डोक्यावर गेली होती आणि नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. सुट्टीच्या दिवशी ती आईच्या हाताखाली काजं-बटणं करायची, सामान आणून द्यायची. त्या दिवशी ती त्याच कोटासाठी दोरा आणायला गेली होती. कोटाचं कापड असं गडद हिरवं, की दिव्याखाली काळं दिसावं आणि उन्हात बाटलीसारखं. अशा कापडाला दिव्याखाली दोरा जुळवून आणला, तर शिवण कापडावर ओरखड्यासारखी उठून दिसते आणि गिऱ्हाईक कोट तोंडावर फेकून जातं. म्हणून शिवणकाम करणारं कुणीही दोरा उन्हात नेऊन बघितल्याशिवाय घेत नाही. कोपऱ्यावरचे दोरेवाले आजोबा तर गिऱ्हाइकाच्या हातात रीळ कोंबून स्वतःच दाराकडे बोट दाखवायचे, “जा, बाहेर बघून या, मग भांडायला येऊ नका.” पिशवी त्यांच्या फळीवर ठेवायची, रीळ घेऊन फुटपाथवर जायचं, बघायचं, परत यायचं. आईचं बोट धरून चालत होती तेव्हापासून बारकी हेच बघत आली होती.

आजोबा गेले, दुकान गेलं, आणि पलीकडच्या रस्त्यावर काचेच्या दारांचं ते मोठं दुकान आलं. बारकीने तिथेही तेच केलं. पर्स आणि छत्री काउंटरवर ठेवली, एका हातात रीळ, दुसऱ्या हातात कोटाची चिंधी घेतली, दाराबाहेर उन्हात गेली आणि रीळ वर धरून डोळे बारीक करून बघत उभी राहिली. तिथेच गार्डने तिचा दंड धरला.

काकू पोचल्या तेव्हा ती मागच्या खोलीत खोक्यांच्या राशीजवळ स्टुलावर बसली होती. रडत नव्हती, पण ओठ पांढरे पडले होते. हिरवं रीळ टेबलावर एका प्लास्टिकच्या पिशवीत सीलबंद करून ठेवलं होतं, कुणाचा तरी खून त्याने केल्यासारखं.

“अहो, तिची पर्स कुठे होती?” काकूंनी मॅनेजरला विचारलं.

“काउंटरवर.”

“म्हणजे आत. पर्स आत ठेवून, दोरा घेऊन, दारात उभा राहणारा चोर तुम्ही कुठे बघितलाय?”

“बाई, रोज नवी गोष्ट ऐकतो आम्ही,” मॅनेजर म्हणाला. तो तरुण होता, गळ्यात ओळखपत्र होतं आणि माणसाच्या तोंडाकडे न बघता बोलायची त्याला सवय होती. “दार ओलांडलं की चोरी. आणि तिने स्वतः लिहून दिलंय.”

लिहून दिलं होतं, हे खरं. त्याने छापील कागद पुढे केला होता : ‘वस्तूचे पैसे न देता मी ती घेऊन दुकानाच्या दाराबाहेर गेले.’ बारकीने तो वाचला. पैसे दिले नव्हते, खरं. बाहेर गेली होती, खरं. खोटं काहीच नव्हतं, म्हणून तिने खाली सही ठोकली. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. पण ज्या घरात खरं बोलायला शिकवलं जातं तिथल्या पोरी असंच करणार. कागद लिहिणाऱ्यालाही ते पुरतं ठाऊक असतं. ‘मी चोरी केली’ असं त्याने लिहिलं असतं तर तिने मेली तरी सही केली नसती.

“चोर सोडून संन्याशाला फाशी,” काकू म्हणाल्या, आणि पुढेही बरंच म्हणाल्या. ते इथे लिहिण्यासारखं नाही. मॅनेजर भिंतीकडे बघत राहिला.

पोलीस ठाण्यात मात्र सगळे कसे गोड बोलले! हवालदाराने बारकीच्या बोटांचे ठसे घेता घेता तिला पाणी दिलं. “घाबरू नकोस गं. पहिलाच आहे ना? पहिल्याला काही होत नाही.” शेजारी म्हणाले, पहिलाच तर आहे. बारकीच्या आत्याने फोनवर सांगितलं, अगं वहिनी, पहिलाच आहे, एवढं काय. काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“पहिला म्हणजे? दुसरा कधी करायचा ठरलाय आमचा?” त्या नणंदेवर खेकसल्या आणि फोन ठेवून दिला.

सरकारने फुकट दिलेला वकील वाईट माणूस नव्हता. त्याच्या बगलेत फायलींचा गठ्ठा होता आणि तो चालता चालताच बोलायचा, त्यामुळे त्याच्याशी बोलायला मायलेकींना त्याच्या मागे जवळजवळ पळावं लागायचं.

“सोपं आहे,” तो जिना उतरता उतरता म्हणाला. “न्यायाधीश मॅडम विचारतील, गुन्हा कबूल आहे का. म्हणायचं, कबूल. वय लहान, विद्यार्थिनी, पहिलाच गुन्हा. ताकीद देऊन सोडतील. जेवायच्या वेळेला घरी.”

“आणि नाही म्हटलं तर?”

“तर साक्षी, पुरावे, तारखा. तिची सही आहे, काकू. वर्षभर चपला झिजवाल. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.”

“आम्ही कुठे चढलो? आम्हाला फरफटत आणलंय.” पण वकील तोवर दुसऱ्या मजल्यावरून पहिल्यावर पोचला होता.

बारकीचे बाबा डेपोत मेकॅनिक. नाकासमोर चालणारा माणूस. कुणाशी वाद नाही, कुणाचं अडवणं नाही. त्यांना वकिलाचं पटलं. दोन शब्द बोलायचे आणि पोर घरी, यात बिघडतं काय? काकूंनाही, खरं सांगायचं तर, थोडं पटायला लागलं होतं. चिडणारं माणूसही शेवटी थकतंच की.

पण कोर्टाच्या आदल्या दिवशी त्या बारकीच्या रजेचा अर्ज द्यायला नर्सिंग कॉलेजात गेल्या. तिथल्या मेट्रनबाईंना पोरी टरकून असायच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि विचारलं, “कबूल करणार म्हणताय? कुणी सांगितलं?”

“वकिलाने. ताकीद देऊन सोडतात म्हणे.”

“सोडतात. पण दोषी ठरवून सोडतात. काकू, पास झाल्यावर हिला नर्स म्हणून नोंदणी करावी लागेल. तिथे पहिलाच प्रश्न असतो, कुठल्या गुन्ह्यात दोषी ठरला आहात का. हिला हो लिहावं लागेल. चोरी लिहिलेल्या मुलीच्या हातात औषधांच्या कपाटाची किल्ली कोण देणार? मागे एकीचं असंच झालं. लिपस्टिकचं प्रकरण होतं. आता ती एका ऑफिसात फोन उचलते.”

“वकील तर काही बोलला नाही!”

“त्याला कुणी विचारलं नसेल. तो कोर्टापुरतं सांगतो. पुढचं आयुष्य त्याच्या फाइलीत नसतं.”

त्या संध्याकाळी घरात जे झालं ते भिंतींनाही ऐकवलं नसेल. काकू म्हणत होत्या, कबूल करायचं नाही. बाबा म्हणत होते, अगं पण सही आहे ना तिची, हरली तर? मग ताकीदही नाही, सरळ शिक्षा. आणि केस चालू असताना तरी नोंदणी कोण देणार आहे? तेही खरंच होतं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये न केलेल्या चोरीसाठी उभी केलेली पोरगी. तिला कुणी काही विचारलंच नाही. ती उद्याचा ड्रेस इस्त्री करत होती आणि एकच बाही पुन्हा पुन्हा दाबत होती.

कोर्टाची खोली शाळेच्या वर्गासारखी होती, फक्त बाकं जास्त मळकी. एकेकाचं नाव पुकारलं जाई. माणूस पुढे जाई, कबूल म्हणे, बाजूला जाऊन सही करी, की पुढचा. दळणाच्या गिरणीत डबे सरकावे तसं चाललं होतं. कोण खरोखर चोर होता आणि कोण घरी जायच्या घाईत होता, हे बघायला कुणाला सवड नव्हती. काकूंच्या शेजारी एक म्हातारा बसला होता. तो कबूल म्हणून परत आला तेव्हा त्यांनी विचारलं, “काय केलं होतंत?”

“काही नाही हो. पण आता कुठे बोलत बसायचं?”

बारकीचं नाव पुकारलं. वकील तिच्या कानाशी लागला. तिने मान हलवली. या पोरीला ओळखत होत्या काकू. आईला खेपा पडू नयेत, बाबांची रजा बुडू नये, म्हणून ती कबूल म्हणून मोकळी होईल, अशीच होती ती. लहानपणी ताप आला तरी सांगायची नाही.

“गुन्हा कबूल आहे का?” न्यायाधीश मॅडमनी विचारलं. त्यांचं लिहिणं चालूच होतं.

बारकीने वळून आईकडे बघितलं.

“कबूल आहे, मॅडम, पहिलाच—” वकील म्हणाला.

“नाही,” बारकी म्हणाली. मग तिने मोठ्याने पुन्हा सांगितलं, “कबूल नाही. मी चोरी केली नाही.”

मॅडमचा हात थांबला. त्यांनी वर बघितलं. त्या सबंध सकाळी त्यांनी वर बघितलेलं काकूंना तरी दिसलं नव्हतं.

“मग बाहेर कशाला गेलात?”

“उजेडात रंग बघायला.”

मागच्या बाकांवर कुणीतरी खिक्कन हसलं. काकूंनी वळून असं बघितलं की हसणाऱ्याने तोंडावर रुमाल धरला. मॅडमनी तारीख दिली.

मग तारखांचा तो नुसता छळ. एकदा मॅनेजर आला नाही, एकदा मॅडम रजेवर, एकदा फाइल सापडेना. दरम्यान बारकी पास झाली, वर्गात तिसरी आली. नोंदणीच्या ऑफिसातून उत्तर आलं, प्रकरण प्रलंबित असल्याने अर्ज स्थगित. तिच्याबरोबरच्या मुली पांढरे गणवेश घालून हॉस्पिटलात कामाला लागल्या. एक-दोघींचे गणवेश काकूंनीच शिवले होते, मापं बारकीने घेतली होती. त्या मुली जाताना म्हणाल्या, तूही येशीलच गं लवकर. बारकीने मान डोलावली आणि त्यांच्या मागे दार लावून घेतलं. काकूंनी त्या दिवशी मशीन इतकं जोरात चालवलं की सुई मोडली.

लोकांचं काय, लोक बोलतात. एक जुनं गिऱ्हाईक मापं द्यायला आलं आणि जाता जाता म्हणालं, काही नसतं तर केस एवढी लांबली असती का? आग असल्याशिवाय धूर निघत नाही. काकूंनी त्याचं कापड घडी करून त्याच्या हातात परत दिलं आणि दार दाखवलं. बाबांनी विचारलं, अगं, आलेलं काम घालवलंस? त्यांना त्या जे बोलल्या त्यानंतर दोन्ही वेळची भांडी बाबांनीच घासली.

साक्षीची तारीख आली तेव्हा बाहेरच्या व्हरांड्यात मॅनेजर आपणहून जवळ आला. त्यालाही तारखांचा कंटाळा आला होता. दुकान सोडून प्रत्येक वेळी यावं लागे, वरचे साहेब त्याला बोलत.

“आपण मिटवून टाकू,” तो म्हणाला. “दोन ओळी लिहून द्या, आम्ही तक्रार मागे घेतो. आत्ताच्या आत्ता.”

त्याने कागद काढला. माणूस कागदाशिवाय चालतच नव्हता. ‘माझ्याकडून चूक झाली, मी माफी मागते, पुन्हा असे करणार नाही.’

वकील म्हणाला, “काकू, सोनं आहे हे. तक्रार मागे, म्हणजे प्रकरण बंद. नोंदणी उद्या.”

काकूंनी कागद वाचला. आणि ज्या बाईने नणंदेला, नवऱ्याला, गिऱ्हाइकाला कुणाला सोडलं नव्हतं, तिने मॅनेजरच्या खिशातलं पेन मागून घेतलं. किती दिवस पोर घरात बसवायची? तिच्या मैत्रिणींच्या हातात रुग्णांच्या नाड्या आहेत आणि हिच्या हातात अजून काजं-बटणंच. मान खाली घातल्याने कुणी मरत नाही. त्यांनी पेन बारकीपुढे धरलं. “लिही गं. संपव एकदाचं.”

बारकीने पेन घेतलं नाही.

“पुन्हा करणार नाही, म्हणजे काय करणार नाही, आई?”

“आता शब्दांत नको शिरूस. चांगलं दार उघडलंय.”

“तू सही केली असतीस?”

काकूंना खोटं बोलता आलं असतं. पोरीसाठी त्या काहीही करायला तयार होत्या, तेव्हा एक खोटं म्हणजे काय मोठं. पण बारकी त्यांच्याकडे अशी बघत होती, की जीभ रेटेना.

“मी त्याच्या टाळक्यात मारलं असतं ते पेन,” काकू म्हणाल्या.

बारकी हसली. खटला सुरू झाल्यापासून तिचं हसू काकूंना पहिल्यांदाच दिसलं. मॅनेजरने पेन परत घेतलं आणि दोन पावलं मागे सरकून उभा राहिला.

गार्डची साक्ष झाली. तो मधल्या वयाचा, पोट सुटलेला माणूस होता आणि मॅनेजरकडे बघून बोलायचं की मॅडमकडे, हे त्याला ठरवता येत नव्हतं. वकिलाने आज मात्र गठ्ठा खाली ठेवला होता.

“मुलगी पळत होती का?”

“नाही.”

“काय करत होती?”

“उभी होती. रीळ असं वर धरून.” गार्डने हात वर करून दाखवला. “आणि दुसऱ्या हातात चिंधी.”

“पर्स?”

“आत राहिली होती. मीच नंतर आणून दिली.”

“मग धरलंत कशाला?”

गार्डने मॅनेजरकडे बघितलं आणि मग नजर खाली घातली. “दार ओलांडलं की धरायचं, कारण विचारायचं नाही, असं सांगितलंय आम्हाला. ती मला म्हणाली होती, काका, फक्त रंग बघतेय, आत येतेच. मी खोटं कशाला बोलू? मलाही मुलगी आहे.”

हे त्याने त्याच दिवशी सांगितलं असतं तर! पण त्याला त्याच दिवशी कुणी विचारलं नव्हतं. या सबंध प्रकरणात कुणालाच काही विचारायची पद्धत नव्हती, सगळ्यांकडून फक्त सह्या घ्यायच्या होत्या.

जेवणाच्या सुट्टीनंतर मॅडमनी निकाल वाचला. भराभर वाचला. सहीचा कागद, साक्ष, चोरीचा हेतू सिद्ध होत नाही, आणि शेवटी, “आरोपीला संशयाचा फायदा देऊन निर्दोष सोडण्यात येत आहे.”

बाबांनी डोळे पुसले. वकिलाने बारकीचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला, “जिंकलीस की गं!” मॅनेजर केव्हाच निघून गेला होता. माफी सोडाच, जातो म्हणूनसुद्धा त्याने सांगितलं नाही. कारकुनाने पुढची फाइल वर ठेवली.

काकू उठल्या. बाबांना वाटलं, निघाल्या. पण त्या बाकांच्या मधून पुढे गेल्या, कठड्यापर्यंत.

“मॅडम, कसला संशय?”

“बाई, सुटली तुमची मुलगी. निर्दोष सोडलंय.”

“ते ऐकलं मी. फायदा दिलात म्हणालात. कशाचा, तर संशयाचा. पर्स आत होती, ती उन्हात उभी होती, तुमच्या समोर त्या भल्या माणसाने सांगितलं. मग संशय राहिला कुणाला? तुम्हाला आहे?”

“काकू, चला,” वकील दबक्या आवाजात म्हणाला. “सुटलोय आपण. उगाच कशाला—”

“ती सुटली नाही,” काकू आवाज न चढवता म्हणाल्या. “ती कशात अडकलीच नव्हती. तुम्ही अडकवलीत. तिचं वर्ष गेलं. आता तो कागद ती जिथे दाखवेल तिथे लोक वाचतील, संशय होता म्हणे, पण सोडलं बिचारीला. फायदा राहू द्या तुमच्याकडे. आम्हाला फायदा नको. तेवढा संशय काढा.”

मॅडमनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. क्षणभर असं वाटलं की त्या काहीतरी निराळं बोलणार. पण त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

“ती कायद्याची भाषा आहे, बाई. आम्ही सगळ्यांनाच तसं लिहितो.”

“सगळ्यांनाच लिहिता,” काकू म्हणाल्या, “म्हणून माझ्या पोरीलाही?”

मॅडमनी खूण केली, कारकुनाने पुढचं नाव पुकारलं. बाबा मागून खुणा करत होते. बारकी पुढे आली, आता ती आईला हाताला धरून नेईल असं सगळ्यांना वाटलं. पण ती शेजारी येऊन उभी राहिली. पुढच्या खटल्यातला माणूस आला. त्याला दोघींना वळसा घालून कठड्यापाशी जावं लागलं.